बॉयलरची सुट्टी

१२ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं जाडजूड पाकीट परवा आलं. पोस्टमनला वाटलं कोर्टाचे कागद असतील, म्हणून त्याने माझी सहीसुद्धा जपून घेतली. मी घाबरतच फोडलं. आत निघाली बॉयलरची सुट्टी.

आपली लाँड्री मार्चअखेर बंद होणार हे मी तुला कळवलं, ते दोन गोष्टी विचारायला. खाली टायरवाल्याचं दुकान येईल, वर घरात मी आणि बाबा. मग एक, बाबांचं पुढे कसं करायचं? आणि दुसरं, ज्या हॉटेलने स्वतःची यंत्रं घेऊन आपलं काम तोडलं, तेच हॉटेल आता मला त्यांच्या कपड्यांच्या खात्यावर देखरेखीला बोलावतंय. मी जाऊ का? गेले तर दिवसभर बाबांजवळ कोण? या दोन्ही प्रश्नांना तुझ्या पत्रात उत्तर नाही. मी शेवटच्या पानाची मागची बाजूसुद्धा पाहिली. तिथे तुझ्या लेकीने, टिकलीने, काढलेलं मांजर आहे. मांजर छान आहे.

त्याऐवजी तू लिहितोस, "ताई, माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर दिवस कुठला म्हणशील तर बॉयलरची सुट्टी. वर्षभर धडधडणारं आपलं घर त्या एका दिवशी गप्प व्हायचं. बॉयलर साफ करायचा म्हणून आदल्या दिवशीच विस्तव काढलेला असायचा. आई गरम राखेत बटाटे पुरायची. कपडे खळबळायचा मोठा हौद स्वच्छ पाण्याने भरून मला त्यात सोडायची. दोऱ्यांवर हॉटेलच्या चादरी टाकून तंबू करायची. दुपारी आम्ही इस्त्रीच्या लांब टेबलावर चढून बसून जेवायचो. आणि मागच्या खोलीतून दिवसभर टक टक, टक टक आवाज यायचा. आई म्हणायची, बॉयलर झोपेत बडबडतोय."

इथवर ठीक होतं. पुढे लिहितोस, "बिचारी ताई! सुरुवातीची काही वर्षं तू कधीच नसायचीस. नेमकी त्याच दिवशी तुला मावशीकडे पाठवायचे. संध्याकाळी ओल्या केसांनी यायचीस आणि न जेवता झोपून जायचीस. मावशी तुला एवढी न्हाऊ का घालायची, कोण जाणे!"

'बिचारी' या शब्दापाशी मी पत्र खाली ठेवलं आणि भांडी घासून आले. मावशीचं राहू दे.

आता तुझी फर्माईश. भंगारवाला बॉयलर कापून नेण्याआधी तुला एकदा तसाच दिवस टिकलीला दाखवायचाय. हौद, तंबू, राखेतले बटाटे, टेबलावरचं जेवण. "तू फक्त तयारी करून ठेव," म्हणतोस. फक्त! अरे, हौदाला भेग गेलीय आणि त्यात साबणाचे पिंप ठेवलेत. इस्त्रीच्या टेबलाचा एक पाय विटांवर आहे. विजेची यंत्रं आल्यापासून या घरात निखारा कुणी पाहिलेला नाही. बटाटे काय कपडे वाळवायच्या यंत्रात भाजू?

आधी माझ्या दोन प्रश्नांची उत्तरं पाठव.

ताई


२७ फेब्रुवारी

धाकट्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "ताई, तू प्रत्येक गोष्टीत अडचण का शोधतेस?" मी अडचणी शोधत नाही रे, त्याच माझा पत्ता विचारत येतात. फोनवर हे सुचलं नाही. फोनवर तू बोलतोस आणि मी "हं" म्हणते, म्हणून मी आपली पत्रं लिहिते. कागद मध्येच बोलत नाही.

तुझी उत्तरं कळली. बाबांबद्दल तू म्हणालास, "त्यांना आमच्याकडे करमणार नाही. तिसऱ्या मजल्यावर कोंडल्यासारखं होईल." इथे त्यांना काय करमतंय? सकाळी उठून खाली जातात, खिडकीपाशी बसून हातरुमालांच्या घड्या घालतात. हातरुमाल संपले की मी तेच मोडून पुन्हा देते. हे करमणं झालं का? आणि माझ्या नोकरीबद्दल, "या वयात कशाला दगदग?" दगदग मी इस्त्रीला हात पुरायला लागला तेव्हापासून करतेय, तेव्हा कुणी माझं वय काढलं नाही. आता कुठे चांगल्या खुर्चीवर बसून करायची दगदग मिळतेय, तर तुला माझं वय आठवलं.

असो. बाबांना विचारल्याशिवाय मी तुला हो म्हणणार नव्हते, म्हणून विचारलं. यंत्रांच्या आवाजाने त्यांचे कान गेलेत हे तुला माहीत आहे. किती गेलेत ते माहीत नाही.

"बाबा, धाकटा येतोय!"

"कोण पडलं?"

"येतोय! टिकलीला घेऊन! बॉयलरची सुट्टी करू म्हणतोय!"

हे मात्र बरोबर ऐकू गेलं. हातातल्या रुमालाची घडी त्यांनी मोडली, परत घातली, परत मोडली. मग म्हणाले, "तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार?"

"मग येऊ दे त्याला." थोड्या वेळाने विचारलं, "पोरगी केवढी झाली त्याची?"

"नऊ वर्षांची."

मग त्यांनी हातातला रुमाल खाली ठेवला. त्या दिवशी पुढे एकही घडी घातली नाही. मी समोर ढीग ठेवला तर हाताने बाजूला सारला.

तर ये. मार्चच्या शेवटच्या रविवारी ये, कारण पुढच्या मंगळवारी भंगारवाला येणार आहे. टिकलीच्या आईला सांग, सोबत अंथरुणं आणायची गरज नाही. लाँड्रीत काय नसलं तरी चादरी असतात.

ताई


१९ मार्च

धाकट्या,

हौदाची भेग बुजवायला गवंडी आणला. तो म्हणाला, "बाई, लाँड्री बंद करताय ना? मग हौद कशाला दुरुस्त करताय?" मी म्हटलं, माझ्या भावाला त्यात त्याचं बालपण भिजत घालायचंय. तो माझ्याकडे बघत राहिला, मग एकदम मुकाट्याने सिमेंट कालवायला लागला. वेड्यांशी वाद घालू नये असं त्याला घरी शिकवलेलं दिसतं.

पिंपं मी उचलली. हौद मी घासला. कमरेत उसण भरली ती माझ्याच. टेबलाच्या पायाखालच्या विटा बदलल्या. टिकली आणि तिची आई बसतील एवढं ते धरेल, तू मात्र बसू नकोस. तुझे फोटो मी पाहिलेत. बटाट्यांसाठी पत्र्याच्या जुन्या बादलीत कोळसे पेटवीन. राख राखच असते, ती बॉयलरची की बादलीची हे बटाट्याला कळत नाही.

हॉटेलच्या मॅनेजरचा दोनदा निरोप आला. महिनाअखेर हो की नाही सांगा म्हणतो. मी "घरी पाहुणे आहेत" असं सांगून वेळ मारून नेली. बावन्नाव्या वर्षी नोकरी देणाऱ्याला मी सबबी सांगतेय, हे लिहितानाही माझं मलाच हसू येतंय आणि रागही येतोय.

एक गोष्ट लक्षात ठेव. टिकलीला मागच्या खोलीत जाऊ देऊ नकोस. भंगारवाल्याने माप घेताना बॉयलरचं झाकण काढून ठेवलंय आणि त्या भोकाच्या कडा धारदार आहेत. पोरीला लांबून दाखव. हे मी मुद्दाम लिहून पाठवतेय, म्हणजे मागाहून तू "मला कुठे सांगितलंस" म्हणणार नाहीस.

ताई


३० मार्च

धाकट्या,

निरोप न घेता गेलास. टिकलीचा एक मोजा हौदाच्या काठावर राहिलाय, तो या पाकिटात आहे.

तू गाडीत काय विचार करत गेलास ते मला माहीत नाही, पण जे घडलं ते तू तुझ्या पद्धतीने आठवायला सुरुवात करायच्या आत मी लिहून ठेवते. तुझ्या आठवणींचा मला आता भरवसा नाही.

सकाळ चांगली गेली, हे मी नाकारत नाही. टिकली हौदात उतरली आणि गार पाण्याने अशी किंचाळली की रस्त्यावरचा माणूस दारातून डोकावला. बाबा खुर्ची ओढून हौदापाशी बसले आणि हसले. बऱ्याच दिवसांत मी त्यांचे दात पाहिले नव्हते. तूही पाहिलेस आणि लगेच म्हणालास, "बाबा, किटण केवढं चढलंय!" त्यांना ऐकू गेलं नाही म्हणून बरं. चादरींच्या तंबूत टिकलीची आई आडवी झाली आणि खरंच झोपली. मला वाटलं, जाऊ दे, एवढी काही वाईट कल्पना नव्हती.

मग मी बटाटे काढायला अंगणात गेले. परत आले तर मागच्या खोलीच्या दारात टिकलीच्या चपला. आत पाहिलं तर बॉयलरच्या भोकातून पोरीचे दोन पाय बाहेर, आणि तू मोबाइल धरून म्हणतोयस, "अजून थोडी आत जा, टिकले, आणि मागे वळून बघ! मस्त येतोय!"

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. तू म्हणालास, "अगं, फोटो काढतोय नुसता. बॉयलर थंड आहे. काय होतंय?"

बाबांना माझं ओरडणं ऐकू आलं नसणार. ते माझ्या मागून काठी टेकत आले, त्यांनी ते पाय पाहिले आणि काठी टाकली. या माणसाला आपण चहाचा कप धरून देतो, पण त्याने तुझ्या पोरीला कमरेला धरून असं मागे खेचलं की तिचं कोपर सोललं. ती रडायला लागली.

"बाबा! काय करताय?" तू ओरडलास.

बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज केवढा आहे ते कळत नाही. बाबा म्हणाले, आणि बाहेर दुकानाचं माप घ्यायला आलेल्या टायरवाल्याच्या माणसांनीसुद्धा ऐकलं असेल, "एक पोरगी घातली मी ह्याच्यात. दर वर्षी घातली. तेवढी पुरे झाली."

"कुठली पोरगी?" तू विचारलंस. आणि तू टिकलीचं रडणं ऐकून धावत आलेल्या तिच्या आईकडे बघितलंस. मग बाबांकडे. माझ्याकडे सगळ्यात शेवटी.

"ताई मावशीकडे असायची," तू म्हणालास. शाळेत पाठ केलेलं म्हणावं तसं.

"मावशी तेव्हा जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला राहायची, धाकट्या," मी म्हटलं. "सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायला गाडीच नव्हती."

तू विचारायला हवं होतंस, ताई, तुला आत काय व्हायचं? तू विचारलंस, "मग मला का नाही सांगितलं कुणी?" आणि तेही असं, की जणू मीच तुला फसवलं. "माझा तो एवढा एकच दिवस..." एवढं म्हणालास आणि बॅगा भरायला गेलास. बटाटे तसेच राहिले. मी आणि बाबांनी दुसऱ्या दिवशी खाल्ले.

आता ऐक. तू विचारलं नाहीस तरी सांगते.

बॉयलरच्या आतून क्षाराचा थर धरायचा. तो ठोकून काढला नाही तर सरकारी तपासनीस दुसऱ्या दिवशी पास करायचा नाही, आणि मग लाँड्री बंद. पूर्वी एक बारका कामगार आत उतरायचा. तो सोडून गेला. जो नवीन आला त्याचे खांदे भोकातून जाईनात. मी आठ वर्षांची होते आणि काडीसारखी होते. बाबा मला काडीच म्हणायचे. त्यांनी मला नुसतं विचारलं, "जाशील का?" मी गेले. हातात छोटी हातोडी, डोक्याला आईचा जुना रुमाल. तू हौदात बसून जी टक टक ऐकायचास ती मी होते.

आईने तुला मावशीची थाप मारली, कारण तू तीन वर्षांचा होतास आणि माझ्या मागे येण्यासाठी हट्ट धरला असतास. पुढे ती थाप तशीच चालू राहिली. ती सोयीची होती. तुला सोयीची, तिला सोयीची. मी संध्याकाळी बाहेर यायचे तेव्हा केसांत पांढरे पापुद्रे, नाकात धूळ, तोंडाला गंजाची चव. आई मला धुवायची तेव्हा माझ्याकडे बघायची नाही. पाण्याकडे बघायची.

तेराव्या वर्षी माझे खांदे अडकले. बाबांनी घरात नजर फिरवली. तू आठ वर्षांचा होतास आणि तूही बारीकच होतास. तेव्हा मात्र आईने पातेलं आपटलं. "तो जाणार नाही." एवढंच म्हणाली. आणि काय आश्चर्य, आठवड्याभरात शोध लागला की बाजारात एक पावडर मिळते, ती पाण्यात घालून बॉयलर तापवला की क्षार आपोआप सुटतो! ती पावडर त्याच दुकानात होती जिथून आपण साबण आणायचो. माझ्या वेळीही होती. कुणी विचारलं नव्हतं.

त्यानंतरच्या सुट्ट्यांना मी घरीच असायचे. तू पत्रात त्यांचंही लिहिलंयस, "नंतर तू असायचीस, पण तोंड फुगवून बसायचीस." हो. बसायचे.

आणि आता जे लिहिते ते कुणालाच सांगितलेलं नाही. मला तो दिवस आवडायचा.

मला चीड येते ती याचीच. बाबा दिवसभर त्या भोकापाशी स्टुलावर बसायचे आणि माझ्याशी बोलायचे. वर्षभर ज्या माणसाला "जेवायला चला" म्हणायला आपण घाबरायचो, तो त्या दिवशी बोलायचा थांबायचा नाही. गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायचा. वकिलाच्या शर्टावरचे डाग, आणि वकील ते कशाचे आहेत म्हणून सांगतो. शिक्षिकाबाईंच्या उशीच्या अभ्र्यात दर वेळी सापडणारा चॉकलेटचा कागद. मी आत हसायचे आणि ते हसू लोखंडात घुमून मोठं व्हायचं. एकदा दिवा पडून विझला. काळोखात मी फिरले आणि भोक कुठे आहे तेच कळेना. मी रडले नाही, ठोकायची थांबले. बाबांनी हात आत घातला, खांद्यापर्यंत, आणि म्हणाले, "काडी, हात शोधू नकोस. मी बोलतोय तिकडे ये." आणि ते बोलत राहिले. काय बोलले? काहीही. आकडे मोजले, कपड्यांची नावं घेतली. मी त्या आवाजाकडे सरपटत गेले.

तुला त्या दिवशी आई मिळायची, मला बाबा मिळायचे. तू पाण्यात होतास, मी गंजात होते. आणि अजूनसुद्धा, त्याच्या आधी किंवा नंतर कधीही, बाबा माझ्याशी तसे बोललेले नाहीत. मला त्यांचा राग येतो आणि तो दिवस हवासाही वाटतो. या दोन्ही गोष्टी एका डोक्यात घेऊन रोज चादरींच्या घड्या घालून बघ, मग मला सांग तोंड कसं फुगतं.

मंगळवारी भंगारवाला बॉयलर कापून घेऊन गेला. त्याला बरीच मेहनत पडली.

ताई


११ एप्रिल

धाकट्या,

परत जाडजूड पाकीट. या वेळी पोस्टमन नुसता हसला.

"मी स्वतःला कधीच माफ करू शकणार नाही" असं तू लिहितोस. अरे बाबा, तुझ्याकडे माफी मागितली कुणी? तीन वर्षांच्या मुलाने काय करायला हवं होतं, हौदातून उठून संप पुकारायला हवा होता? तुला झोप लागत नाही, पेशंटच्या तोंडात अवजार घातलं की तो ठोकण्याचा आवाज आठवतो, जेवण जात नाही. वाचून मला वाईट वाटलं, आणि मग इतका संताप आला की काय सांगू. म्हणजे सुट्टी होती तेव्हाही तुझी आणि दुःख निघालं तर तेही तुझंच. आणि तुझी समजूत काढायला पुन्हा मीच बसायचं!

मला नको तुझं रडणं. "तुला कुठेतरी छान फिरायला पाठवतो" म्हणतोस, तेही नको. मला फेब्रुवारीपासून दोन उत्तरं हवी आहेत. ती अजून आलेली नाहीत. मग मीच देऊन टाकली.

एक. मी हॉटेलवर जाऊन होकार कळवला. मॅनेजरने दहा दिवस जास्त थांबून बघितलं होतं, आणखी थांबला नसता. आठ मेपासून जायचं.

दोन. बाबा तुझ्याकडे येताहेत. विचारत नाहीये, कळवतेय.

त्यांना सांगितलं ते असं.

"बाबा, धाकट्याकडे राहायला जायचंय!"

"किती दिवस?"

"बघू!"

ते खिडकीबाहेर बघत बसले. मग विचारलं, "तो बोलावतोय?"

धाकट्या, मी आयुष्यात फार थापा मारल्या नाहीत, आपल्या घरात ते खातं आईकडे होतं. पण मी म्हटलं, "हो. पत्रात लिहिलंय." ते म्हणाले, "वाचून दाखव." मी तुझं पत्र उघडलं आणि त्यात जे नव्हतं ते मोठ्याने वाचलं. बाबांना घेऊन येतो, टिकली वाट बघतेय, खिडकीपाशी खुर्ची ठेवलीय. ते मान डोलवत ऐकत होते. आता मला खोटं पाडू नकोस.

आणखी एक. तू गेल्यापासून ते माझ्याकडे बघतात आणि काहीतरी बोलायचं म्हणून ओठ हलवतात, मग राहून जातं. काल दुपारी मी त्यांची नखं कापत होते तेव्हा अचानक म्हणाले, "तू आत एकदा तरी ओरडायला हवं होतंस."

"ओरडले असते तर काय केलं असतंत?" मी विचारलं. मोठ्याने विचारलं, अगदी कानाशी.

ते बोटांकडे बघत राहिले. ऐकू आलं नाही की ऐकलं नाही, हे बाबांच्या बाबतीत आता ओळखता येत नाही. मी दुसऱ्या हाताची नखं कापायला घेतली.

तुझी बायको काय म्हणेल याची मला काळजी नाही. त्या दिवशी तू बॅगा भरत होतास तेव्हा ती माझ्याजवळ आली होती. टिकलीच्या कोपराला पट्टी बांधता बांधता म्हणाली, "ताई, तुमचं काय, हे यांना आजवर कुणी विचारायलाच लावलं नाही ना?" तुझ्या घरात शहाणं माणूस आहे. तिचं ऐकत जा.

मे सुरू व्हायच्या आत येऊन त्यांना घेऊन जा. तू स्वतः ये. पेशंटचे दात चार दिवस कुठे पळून जात नाहीत.

ताई


१४ मे

धाकट्या,

बाबा पोहोचल्याचं आणि खिडकीपाशी खुर्ची खरंच ठेवल्याचं टिकलीने लिहिलंय. तुझ्यापेक्षा ती मुद्द्याचं लिहिते. आजोबा तिला वकिलाच्या शर्टाची गोष्ट सांगतात आणि ती न ऐकल्यासारखं करून पुन्हा सांगायला लावते, हे वाचून मी दोन मिनिटं जिन्यातच बसले. त्यांना सांगू नकोस.

तू आलास, दोन दिवस राहिलास, काही म्हणाला नाहीस. साबणाची पिंपं उचलून टायरवाल्यासाठी जागा करून दिलीस, कमरेत उसण भरली तरी कण्हला नाहीस. जाताना दारात उभा राहिलास आणि तोंड उघडलंस, तेव्हा मी "गाडी चुकेल" म्हणाले. मुद्दाम म्हणाले. मला तेव्हा नको होतं. कदाचित पुढे कधी हवं असेल, तेव्हा मी सांगेन.

बाबांचा डावा कान थोडा बरा आहे, त्या बाजूने बोल. रात्री दार लोटून ठेव, कडी लावू नकोस. रागावले की ते जेवत नाहीत. आग्रह करू नकोस, ताट झाकून ठेव आणि निघून जा. अर्ध्या तासाने रिकामं असतं.

माझं सांगते. हॉटेलचं कपड्यांचं खातं तळघरात आहे, पण लख्ख उजेड आहे. यंत्रं इतकी शांत आहेत की पहिल्या दिवशी मला वाटलं बंदच आहेत. हाताखाली सहा मुली आहेत. त्या मला 'मॅडम' म्हणतात आणि मी मागे वळून बघते, कोण आलं म्हणून. घड्या वाईट घालतात. शिकतील.

पहिल्याच दिवशी कार्यालयातली मुलगी कागद घेऊन आली. म्हणाली, "मॅडम, तुमची आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी लिहू?"

मला प्रश्नच कळला नाही. तिने परत विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही द्याल ती." ती म्हणाली, "तसं नाही, तुम्हाला कुठला वार हवाय?" धाकट्या, मी तिच्यासमोर वेड्यासारखी उभी. रविवार म्हणावं तर का म्हणावं? सोमवारी कुणाकडे जायचंय? तिचा पेन कागदावर टेकलेला आणि मला वार आठवेनात. शेवटी म्हटलं, विचार करून सांगते. ती हसली. दोन दिवसांनी जाऊन बुधवार सांगितला. बुधवारच का, ते विचारू नकोस. काहीही कारण नाही. म्हणूनच घेतला.

परवा पहिला बुधवार आहे. त्या दिवशी फोन करू नकोस, मी घरी नसेन. कुठे असेन ते मलाही अजून ठरवायचंय.

ताई